रोडोप्सिनची फ्लोरोसंट अँटिबॉडी पहिल्यांदा वापरताय? मग आधी हे वाचा

नवीन लॅबमध्ये आलात, गाईडने सांगितलं रेटिनाच्या सेक्शनवर रोडोप्सिन स्टेन करून दाखव, फ्रिजमध्ये फॉइलमध्ये गुंडाळलेली एक छोटी ट्यूब आहे, तिच्यावर १डी४ आणि ४८८ असं काहीतरी लिहिलंय, आणि सीनियर लोक आपापल्या थिसिसमध्ये बुडालेत. अशा सगळ्यांसाठी हे लिहितेय. प्रोटोकॉल तर कुठूनही मिळतो हो, पण कुठली स्टेप कशासाठी आहे आणि शेवटी स्क्रीनवर जे हिरवं दिसतंय त्यावर कितपत विश्वास ठेवायचा, हे कुणी सांगत नाही आणि खरी गरज त्याचीच असते.

आधी प्रोटीन ओळखा

रोडोप्सिन म्हणजे रॉड पेशींमधलं प्रकाश पकडणारं प्रोटीन, अंधुक उजेडात आपल्याला जे काही दिसतं ते याच्याच जोरावर. ३४८ अमिनो आम्लांची साखळी, पडद्यातून सात वेळा आरपार जाते, आणि २९६ नंबरच्या लायसिनला ११-सिस-रेटिनल जोडलेलं असतं, ते व्हिटॅमिन ए पासून येतं. ५०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश ते सगळ्यात जास्त शोषतं. १८७६ मध्ये फ्रांट्स बोल यांनी बेडकाच्या रेटिनाचा लालसर रंग उजेडात उडून जाताना पाहिला होता, तो रंग याच प्रोटीनचा.

रॉडच्या आउटर सेगमेंटमध्ये चपट्या डिस्कची चळत असते आणि त्या डिस्कच्या पडद्यात जेवढं प्रोटीन आहे त्यातलं जवळजवळ ९० टक्के रोडोप्सिनच असतं. म्हणजे शरीरात एखादं प्रोटीन एका जागी इतकं दाटीवाटीने भरलेलं फार कमी ठिकाणी सापडेल. याचा फायदाही आहे आणि त्रासही, दोन्ही पुढे येईलच.

आता महत्त्वाचं. या साखळीचं एन-टोक (सुरुवातीचं टोक) डिस्कच्या आतल्या पोकळीत असतं, आणि सी-टोक (शेवटचं टोक) सायटोप्लाझमच्या बाजूला. हेच प्रोटीन पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर असेल तेव्हा एन-टोक पेशीच्या बाहेर आणि सी-टोक पेशीच्या आत. हे वाक्य दोनदा वाचा आणि जमलं तर वहीत चित्र काढून ठेवा, कारण अँटिबॉडी कुठली घ्यायची, ट्रायटन (पडद्याला भोकं पाडणारं डिटर्जंट) वापरायचं की नाही, निकालाचा अर्थ काय लावायचा, सगळं याच्यावर ठरतं.

क्लोन कुठली?

रोडोप्सिनसाठी सगळ्यात जास्त वापरल्या जातात त्या दोन उंदराच्या मोनोक्लोनल अँटिबॉडी (प्रत्येक एकाच पेशीच्या वंशातून, म्हणजे एका क्लोनमधून बनलेली), १डी४ आणि ४डी२. दोन्ही कॅनडातल्या युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबियामधल्या रॉबर्ट मोल्डे यांच्या लॅबमधून आलेल्या. १डी४ सी-टोकाची शेवटची नऊ अमिनो आम्लं ओळखते, टी-ई-टी-एस-क्यू-व्ही-ए-पी-ए. हा तुकडा इतका छान काम करतो की लोक तो दुसऱ्याच प्रोटीनना टॅग म्हणून लावतात आणि १डी४ वापरून ते प्रोटीन शुद्ध करून घेतात. ४डी२ मात्र एन-टोकाकडचा भाग ओळखते.

आता तुमचा प्रश्न काय आहे त्यावर निवड करा. नॉर्मल उंदराच्या रेटिनात फक्त रॉड कुठे आहेत, आउटर सेगमेंट किती लांब आहेत एवढंच बघायचं असेल तर १डी४ डोळे झाकून घ्या. पण म्युटेशनवर काम असेल तर थांबा. रेटिनायटिस पिग्मेंटोसा या आजारात रोडोप्सिनमध्ये कितीतरी म्युटेशन सापडलीत, त्यातलं क्यू३४४टर म्हणून एक आहे ज्यात शेवटची पाच अमिनो आम्लं बनतच नाहीत, म्हणजे १डी४ जिथे धरते ती जागाच अर्धी गेली, तिथे १डी४ लावून रोडोप्सिन दिसत नाही म्हणून प्रोटीन बनतच नाही असा निष्कर्ष काढलात तर तो साफ चुकीचा. तिथे ४डी२ घ्यायची. उलट पी२३एच, जे १९९० मध्ये या आजारात सापडलेलं पहिलं रोडोप्सिन म्युटेशन, ते एन-टोकाजवळ आहे, तिथे सी-टोकाची अँटिबॉडी जास्त बिनधास्त वापरता येते, फक्त ती नॉर्मल आणि बिघडलेलं दोन्ही रोडोप्सिन सारखंच दाखवणार हे लक्षात ठेवा.

ऑर्डर करण्याआधी डेटाशीटवर क्लोनचं नाव आणि एपिटोप (प्रोटीनचा जो तुकडा अँटिबॉडी धरते तो) लिहिलाय का बघा. नुसतं 'अँटी-रोडोप्सिन' असं लिहून एपिटोप सांगितलेला नसेल तर माझ्या मते ती घेऊच नये, स्वस्त असली तरी.

डायरेक्ट लेबलवाली कशासाठी?

साधारण पद्धत अशी की आधी साधी प्रायमरी अँटिबॉडी लावायची, मग तिला धरणारी रंगीत सेकंडरी. सेकंडरीच्या कितीतरी प्रती एका प्रायमरीला चिकटतात म्हणून सिग्नल वाढतो. डायरेक्ट लेबलवाल्या अँटिबॉडीला रंग आधीच जोडलेला, त्यामुळे सिग्नल तुलनेने कमी. मग ही का घ्यायची?

पहिलं कारण म्हणजे उंदीर. १डी४ उंदराची अँटिबॉडी, टिश्यूही उंदराचा. अँटी-माउस सेकंडरी लावली की ती १डी४ ला तर धरतेच पण टिश्यूत आधीपासून असलेल्या उंदराच्या आयजीजीलाही (त्याच्या स्वतःच्या अँटिबॉडींनाही) धरते, आणि मग रेटिनातल्या रक्तवाहिन्या झगझगीत उठून दिसतात. नवीन मुलं हे बघून म्हणतात की इनर रेटिनात पण रोडोप्सिन आहे वाटतं! नसतं हो. डायरेक्ट लेबल घेतलं की सेकंडरीच नाही, ही भानगडच संपली.

दुसरं कारण, दोन उंदराच्या क्लोन एकाच सॅम्पलवर लावायच्या असतील, उदाहरणार्थ ४डी२ एका रंगात आणि १डी४ दुसऱ्या रंगात, तर सेकंडरीला दोघींतला फरक कळणार कसा? तिथे प्रत्येकीला आपापला रंग आधीच लावलेला असणं हा सगळ्यात सोपा मार्ग.

आणि सिग्नल कमी पडण्याची जी भीती असते ती रोडोप्सिनच्या बाबतीत जवळजवळ नसतेच, कारण प्रोटीनच एवढं भरपूर आहे. एखाद्या विरळ रिसेप्टरसाठी मी डायरेक्ट लेबल सुचवणार नाही, रोडोप्सिनसाठी मात्र आवर्जून सुचवेन.

रंग कुठला?

अ‍ॅलेक्सा फ्लोर ४८८ ही बहुतेकांची पहिली निवड, ४९५ नॅनोमीटरच्या आसपास उत्तेजित होतो, ५१९ ला हिरवा प्रकाश देतो, आणि ४८८ चा लेझर जवळपास प्रत्येक कन्फोकल मायक्रोस्कोपवर असतोच. जुन्या एफआयटीसी या रंगाचे आकडे जवळजवळ हेच, पण तो लवकर फिका पडतो आणि पीएच खाली गेला की मंदावतो, त्यामुळे नवीन घेताना एफआयटीसी घेऊ नका.

पण एक गोष्ट बघा. आउटर सेगमेंटला अगदी चिकटून जो आरपीई (रेटिनल पिग्मेंट एपिथेलियम) थर असतो त्यात लिपोफ्युसिन (पेशीतला टाकाऊ साठा) साठत जातं, आणि ते स्वतःच चमकतं, हिरव्यात पण आणि लालमध्ये पण. वय वाढेल तसं वाढतं. म्हातारे उंदीर किंवा माणसाचा रेटिना असेल तर ४८८ ऐवजी ६४७ चा विचार करा, तिथे हा त्रास बराच कमी असतो, फक्त ६४७ डोळ्याला आयपीसमधून धड दिसत नाही, डिटेक्टरवरच बघावा लागतो. आणि तुमच्या उंदरात जीएफपी (स्वतःच हिरवं चमकणारं प्रोटीन) असेल तर ४८८ चा प्रश्नच मिटला, दुसरा रंग घ्या.

मला स्वतःला आवडणारं कॉम्बिनेशन सांगते: रोडोप्सिन ४८८ मध्ये, कोन पेशींसाठी पीनट अ‍ॅग्लुटिनिन म्हणजे पीएनए ५९४ मध्ये, आणि न्यूक्लियससाठी डापी. रॉड, कोन आणि थर तिन्ही एकाच फोटोत.

ट्यूब आली, आता?

पार्सल उघडल्या उघडल्या डेटाशीट वाचा, ट्यूब कुठे ठेवायची ते प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. फ्लोरोसंट अँटिबॉडी बहुतेक वेळा ४ अंशाला, अंधारात ठेवायची असते आणि गोठवायची नसते, पण ग्लिसरॉलमध्ये असेल तर उणे २० चालतं. एप्रिल-मे मध्ये कुरियर दुपारभर गेटवर पडून राहिलं असेल तर ते रजिस्टरमध्ये लिहा आणि पहिल्याच आठवड्यात एका जुन्या चांगल्या स्लाइडवर टेस्ट करून बघा, सहा महिन्यांनी तक्रार करून कोणी ऐकत नाही. क्लोन, लॉट नंबर, उघडल्याची तारीख ट्यूबवर लिहा. फॉइल लावा. लॉट बदलला की डायल्यूशन परत ठरवायचं, हा नियमच समजा.

वापरायच्या आधी ट्यूब ४ अंशाला १०,००० जी वर पाच-दहा मिनिटं फिरवा आणि वरचंच द्रव घ्या. तळाशी रंगीत अँटिबॉडीचे गुठळे बसतात, ते स्लाइडवर गेले की जिथे तिथे हिरवे ठिपके.

कधी कधी लॅबमध्ये साध्या १डी४ ला किट वापरून घरीच रंग लावतात. तसं असेल तर दोन गोष्टी. रंग लायसिनच्या अमाइनला जोडला जातो, म्हणून बफरमध्ये ट्रिस, ग्लायसिन किंवा बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) असेल तर रंग त्यांनाच जाऊन चिकटतो, आधी पीबीएसमध्ये (फॉस्फेट आणि मिठाचं साधं बफर) बदलून घ्या. आणि शेवटी एका अँटिबॉडीमागे किती रंगाचे रेणू लागले ते मोजा. ४९४ ला जी अ‍ॅब्सॉर्बन्स येते तिला ७१,००० ने भागलं की रंगाची मोलर तीव्रता मिळते. २८० च्या अ‍ॅब्सॉर्बन्समधून ४९४ च्या अ‍ॅब्सॉर्बन्सची ०.११ पट वजा करून २,०३,००० ने भागलं की अँटिबॉडीची. समजा २८० ला १.०० आणि ४९४ ला १.२० आली, तर रंग साधारण १६.९ मायक्रोमोलर, अँटिबॉडी ४.३ मायक्रोमोलर, म्हणजे प्रत्येकीमागे जवळपास चार. चार ते सात छान. फार जास्त झाले तर रंगाचे रेणू एकमेकांचा प्रकाश दाबून टाकतात आणि अँटिबॉडीची पकडही बिघडू शकते, त्यामुळे जास्त म्हणजे चांगलं असं इथे अजिबात नाही.

डोळा आणि सेक्शन

उंदरांवरचं काम संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीच्या मंजुरीशिवाय सुरू करायचं नाही, आणि डोळे काढताना शिकलेल्या माणसासोबतच बसायचं. हात बसेपर्यंत मटणवाल्याकडून बोकडाचे ताजे डोळे बर्फात आणून सराव करा, मोठे असतात, कॉर्निया कापणं, लेन्स बाहेर काढणं, रेटिना कसा ऑप्टिक नर्व्हपाशीच धरलेला असतो आणि बाकी कसा अलगद सुटतो हे सगळं नीट दिसतं. आतमध्ये निळसर-हिरवी चमकणारी टॅपेटम पण दिसेल, ती उंदरात नसते. फक्त तो सराव हाताचा, स्टेनिंगचे निकाल त्यावरून ठरवू नका, कारण दुकानात डोळा किती वेळ पडून होता ते माहीत नसतं आणि आउटर सेगमेंट फार लवकर खराब होतात.

उंदराचा डोळा काढायच्या आधी वरची बाजू कुठली त्याची खूण करा. डोळा काढला की लिंबसपाशी (कॉर्नियाच्या कडेला) बारीक सुईने एक भोक पाडा, टिश्यू फिक्स व्हायला ताज्या ४ टक्के पीएफए (पॅराफॉर्मल्डिहाइड) मध्ये दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग कॉर्निया गोल कापून काढा, लेन्स हळूच बाहेर काढा आणि उरलेला कप अजून ४५ मिनिटं ४ अंशाला पीएफए मध्ये. पीएफए चं काम फ्यूम हूडमध्ये, ग्लोव्ह्ज घालूनच. रात्रभर फिक्स करून ठेवायचा मोह होतो पण गरज नाही, जास्त फिक्स झालं की बॅकग्राउंड वाढतं. ग्लुटराल्डिहाइड तर या कामाला नकोच, ते टिश्यूलाच चमकवतं.

लेन्स काढताना जोर लावलात तर रेटिना आरपीईपासून सुटतो, आणि आउटर सेगमेंटची टोकं तुटून आरपीईला चिकटून राहतात. मग फोटोत आउटर सेगमेंट आखूड दिसतात आणि लोक त्याला आजार समजतात. म्हणून ही स्टेप घाईत करू नका, बाकी कुठेही घाई करा.

पीबीएसने तीनदा धुवा, १५ टक्के सुक्रोजमध्ये एक-दोन तास, मग ३० टक्क्यांत रात्रभर ४ अंशाला, कप तळाला बसला की झालं. ओसीटीमध्ये (गोठवून कापण्यासाठीचं चिकट माध्यम) बसवताना दिशा नीट ठेवा, वरची-खालची बाजू आणि ऑप्टिक नर्व्ह एकाच सेक्शनमध्ये आले पाहिजेत. क्रायोस्टॅटवर (गोठलेला टिश्यू कापायचं यंत्र) १० ते १२ मायक्रॉनचे सेक्शन, चार्ज केलेल्या स्लाइडवर, अर्धा-एक तास वाळवून उणे ८० ला. सेक्शन तिरका गेला तर आउटर सेगमेंट लांबच्या लांब दिसतात आणि न्यूक्लियसच्या रांगा वाढल्यासारख्या वाटतात, म्हणून तुलना करताना ऑप्टिक नर्व्हपासून सारख्याच अंतरावरचा भाग घ्या.

पॅराफिनचे ब्लॉक असतील तरी रोडोप्सिन दिसतं, फक्त सायट्रेट बफरमध्ये गरम करून अँटिजेन रिट्रिव्हल करावं लागतं.

स्टेनिंगचा दिवस

स्लाइडचा डबा उणे ८० मधून काढून बंदच ठेवा, अर्ध्या तासाने उघडा, नाहीतर स्लाइडवर पाणी धरतं. सेक्शनभोवती हायड्रोफोबिक पेनने रेघ, मग पीबीएसने दहा-दहा मिनिटं दोनदा धुवून ओसीटी काढून टाका.

ब्लॉकिंगसाठी ५ टक्के नॉर्मल गोट सीरम, १ टक्का बीएसए, ०.३ टक्के ट्रायटन, पीबीएसमध्ये, एक तास रूम टेंपरेचरला. ट्रायटन इथे नुसतं नावापुरतं नाही बरं का, १डी४ ची जागा सायटोप्लाझमच्या बाजूला आहे, पडद्याला भोकं पडल्याशिवाय अँटिबॉडी तिथे पोचणारच नाही. आजारी रेटिना असेल आणि मायक्रोग्लिया (रेटिनातल्या रोगप्रतिकारक पेशी) वाढलेल्या असतील तर एफसी रिसेप्टर ब्लॉक करणारी अँटिबॉडी पण टाका, त्या पेशी कुठलीही अँटिबॉडी शेपटीने धरून ठेवतात.

डायल्यूशन पहिल्या वेळी ठरवायचंच असतं, कुणाच्या पेपरमध्ये १:२०० लिहिलंय म्हणून तुम्ही १:२०० घेऊ नका. १:५०, १:१००, १:२००, १:५००, १:१००० अशा पाच स्लाइड आणि एक अँटिबॉडीशिवायची, सगळ्या एकाच डोळ्याच्या. आणि निवडताना सगळ्यात चमकदार स्लाइड निवडू नका, आउटर सेगमेंट आणि इनर रेटिना यांच्यात फरक सगळ्यात जास्त जिथे आहे ती निवडा. दोन्ही वेगळ्या असतात बऱ्याचदा.

अँटिबॉडी ब्लॉकिंग बफरमध्येच पातळ करा, स्लाइडमागे १५० मायक्रोलिटर पुरतं, दमट डब्यात, फॉइल लावून, ४ अंशाला रात्रभर. डब्यात ओला टिश्यू पेपर ठेवायला विसरू नका, सेक्शन कडेने वाळला की कडा भयंकर चमकतात आणि त्या स्लाइडचं काहीच करता येत नाही. दुसऱ्या दिवशी पीबीएसने दहा-दहा मिनिटं तीनदा, इथून पुढे ट्यूबलाइटच्या थेट उजेडात काम नको. डापी एक मायक्रोग्रॅम प्रति मिली, दहा मिनिटं, परत धुवा, माउंटिंग मीडियम, कव्हरस्लिप. घट्ट होणारं मीडियम असेल तर रात्रभर अंधारात सपाट ठेवा, नसेल तर कडेने नेलपॉलिश लावा.

सेकंडरी नसल्यामुळे दुसऱ्या दिवशीचे दोन-तीन तास वाचतात, ते कंट्रोलच्या स्लाइड नीट लावायला वापरा.

कंट्रोल

काहीच न लावलेली स्लाइड हवी, टिश्यू स्वतः किती चमकतो ते कळायला. त्याच आयसोटाइपची (अँटिबॉडीच्या उपप्रकाराची), त्याच रंगाची, पण रेटिनात काहीच न ओळखणारी अँटिबॉडी लावलेली स्लाइड हवी, आणि तिचं कॉन्सन्ट्रेशनही १डी४ इतकंच ठेवा, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. १डी४ साठी एक फार सुंदर कंट्रोल करता येतो, ते नऊ अमिनो आम्लांचं पेप्टाइड बनवून मिळतं, ते जास्त प्रमाणात अँटिबॉडीत मिसळून तासभर ठेवायचं आणि मग लावायचं, खरा सिग्नल असेल तर जवळजवळ नाहीसा होतो. रोडोप्सिन नॉकआउट (रोडोप्सिनचा जीनच बंद केलेल्या) उंदराचा रेटिना मिळाला तर उत्तमच, पण प्रत्येक लॅबकडे तो नसतो.

आणि एक कंट्रोल फुकटचा, प्रत्येक सेक्शनमध्ये असतोच. इनर न्यूक्लियर लेयर आणि गँग्लियन सेल लेयर. नॉर्मल रेटिनात ते काळेच दिसायला हवेत. तिथे हिरवं असेल तर बाकीच्या हिरव्यावरही लगेच विश्वास ठेवू नका.

उंदराची जातही तपासा! एफव्हीबी आणि सी३एच/एचईजे या स्ट्रेनमध्ये आरडी१ हे म्युटेशन मुळातच असतं, तीन आठवड्यांत रॉड जवळजवळ संपतात. असा उंदीर घेऊन रोडोप्सिन दिसत नाही म्हणून अँटिबॉडीला दोष देत बसणारे असतात. सी५७बीएल/६एन मध्ये आरडी८ असतं, त्याने रेटिनात ठिकठिकाणी गडबड होते. आणि अगदी लहान पिल्लं घेऊ नका, आउटर सेगमेंट नीट वाढायला साधारण तीन-चार आठवडे लागतात.

कन्फोकलवर

आधी डापीवर फोकस करा, रोडोप्सिनवर नाही, उगाच रंग जाळायचा नाही. लेझर पॉवर आणि गेन सगळ्यात चमकदार सॅम्पलवर ठरवा, रेंज इंडिकेटर लावून, म्हणजे सॅच्युरेट झालेले पिक्सेल वेगळ्या रंगात दिसतात, आणि मग त्या दिवशीच्या सगळ्या स्लाइडना तेच सेटिंग. एकेका स्लाइडला 'छान दिसावं' म्हणून गेन वाढवलात तर ती तुलना राहिली नाही, नुसते फोटो राहिले.

इथे रोडोप्सिनच्या दाटीचा त्रास सुरू होतो. आजारी रॉडमध्ये रोडोप्सिन आउटर सेगमेंटला पोचत नाही, थोडं पेशीच्या मधल्या भागात, न्यूक्लियसभोवती, अगदी सायनॅप्सपर्यंत अडकतं. त्याला मिसलोकलायझेशन म्हणतात, आणि बऱ्याच प्रोजेक्टचा प्रश्न तोच असतो. पण आउटर सेगमेंटचा सिग्नल त्याच्यापुढे इतका प्रचंड असतो की आउटर सेगमेंट सॅच्युरेट न होऊ देता ठरवलेल्या सेटिंगवर आउटर न्यूक्लियर लेयर काळाच दिसतो. म्हणून दोन सेटिंगवर फोटो घ्या, एक आउटर सेगमेंट मोजायला, दुसरं गेन वाढवून न्यूक्लियर लेयरसाठी, आणि दुसऱ्यात आउटर सेगमेंट जळालेले आहेत हे फोटोखाली स्पष्ट लिहा. नॉर्मल उंदराचा फोटोही त्या दुसऱ्या सेटिंगवर घ्यायचा, नाहीतर वाढवलेल्या गेनमुळे आलेलं बॅकग्राउंड तुम्ही आजार म्हणून मोजाल.

पीएनए वगैरे दुसरा रंग असेल तर सिक्वेन्शियल स्कॅन करा. रोडोप्सिन ४८८ एवढं चमकतं की शेजारच्या चॅनेलमध्ये सांडतं. एकेकच रंग लावलेल्या स्लाइड ठेवल्या असतील तर हे पाच मिनिटांत कळतं.

आणि एक दृश्य ओळखून ठेवा. कधी कधी आउटर सेगमेंटच्या पट्ट्याची फक्त वरची-खालची कड चमकते, मधला भाग फिका. मधे रोडोप्सिन नाही असं नाही, अँटिबॉडी कडेलाच एवढी अडकली की आत शिरलीच नाही. सेक्शन पातळ घ्या, इन्क्युबेशन वाढवा, ट्रायटनचा वेळ वाढवा. होल माउंटमध्ये (सेक्शन न कापता अख्खा पसरलेला रेटिना) तर हे हमखास होतं. सगळीकडे पसरलेला सारखा हिरवा धुरकटपणा असेल तर अँटिबॉडी जास्त झाली, ठिपके असतील तर ट्यूब फिरवली नाही, काहीच नसेल तर आधी लेझर आणि फिल्टर बघा, मग उंदराची जात, मग ट्रायटन, आणि अँटिबॉडीवर संशय सगळ्यात शेवटी.

पेशींवर काम असेल तर

एचईके२९३ (लॅबमध्ये वाढवल्या जाणाऱ्या माणसाच्या) पेशींमध्ये नॉर्मल आणि म्युटंट रोडोप्सिन घालून ते पेशीच्या पृष्ठभागावर पोचतं का बघणं हा नवीन माणसासाठी फार चांगला प्रयोग आहे, उंदीर लागत नाही आणि टोकांचा सगळा हिशोब डोळ्यांसमोर दिसतो. जिवंत पेशी बर्फावर ठेवा, ट्रायटन न घालता ४डी२ एका रंगात अर्धा तास, थंड पीबीएसने धुवा. एन-टोक बाहेर असल्यामुळे फक्त पृष्ठभागावरचं रोडोप्सिन रंगतं. मग पीएफए, मग ट्रायटन, आणि मग १डी४ दुसऱ्या रंगात, ती सगळं मिळून रोडोप्सिन दाखवते. नॉर्मल रोडोप्सिनमध्ये पेशीच्या कडेला दोन्ही रंग एकावर एक येतात. पी२३एच मध्ये १डी४ चा रंग न्यूक्लियसभोवती आत गोळा झालेला दिसतो आणि कडेचा ४डी२ फिका, कारण घडी नीट न पडलेलं प्रोटीन एंडोप्लाझमिक रेटिक्युलममध्येच अडकतं. इथे एक शंका उरते, की पी२३एच एन-टोकाजवळ असल्याने ४डी२ ची पकडच कमी झाली असेल तर? म्हणून एक बशी ट्रायटन घालून ४डी२ ने पण रंगवा, आत साठलेलं रोडोप्सिन तिला नीट दिसलं तरच पृष्ठभागाचा आकडा धरा.

याच पेशींचा वेस्टर्न ब्लॉट (जेलवर प्रोटीन वेगळी करून अँटिबॉडीने ओळखणं) करणार असाल तर सॅम्पल उकळू नका. रोडोप्सिन उकळलं की गोळा होऊन जेलच्या वरच्या टोकाला अडकतं आणि ४० किलोडाल्टनच्या आसपासचा बँड गायब होतो. रूम टेंपरेचरला अर्धा तास सॅम्पल बफरमध्ये ठेवून थेट लोड करा, आणि त्या ब्लॉटला साधी, रंग न लावलेली १डी४ वापरा, रंगवाली महागडी ट्यूब कन्फोकलसाठी राखून ठेवा.